तीन नंबरच्या पोटातली सीडी

१. रिकामा ट्रे

मुलांनो, जरा मनाने लाखनीला या. हायवेला लागून खताचं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या अंगाला लांबट वरांडा आणि वरांड्याच्या पोटात एक खोली. खोलीत भिंतीला टेकून पाच कॉम्प्युटर मांडलेत. आजच्यासारखे चपटे नाहीत हं, पाठीला भलंमोठं कुबड असलेले! गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मोबाईल आले होते, पण चित्रं, गाणी, कागदपत्रं सगळं अजून सीडीवरच फिरायचं.

आता तीन नंबरच्या कॉम्प्युटरपुढे बसा. खालच्या डब्यावर एक बटण आहे, ते दाबलं की ट्रे जीभ काढल्यासारखा बाहेर येतो. दाबा बरं! नाही आला ना? येणार कसा? लाइन गेली आहे. लोडशेडिंगचे दिवस. सकाळी गेलेली लाइन दुपारीच यायची. म्हणजे लाइन जाताना आत जी सीडी राहिली, ती लाइन येईपर्यंत आतच. कुलूपबंद तिजोरीच म्हणा की.

त्या दिवशी या तिजोरीत केशवराव गुरुजींची सीडी अडकली होती. गुरुजींच्या छातीत दुखायचं, म्हणून नागपूरच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाच्या नळ्यांचं चित्रण केलं होतं. ते चित्रण या सीडीवर. त्याच संध्याकाळी बाहेरगावचा एक मोठा डॉक्टर नागपुरात येऊन ती बघणार होता आणि ऑपरेशन करायचं की नुसत्या गोळ्या द्यायच्या ते ठरवणार होता. गुरुजी सावध माणूस. एक वाटेत हरवली तर हाताशी दुसरी असावी, म्हणून ते नक्कल करून घ्यायला या कॉम्प्युटर क्लासवर आले. क्लासवर शिकवणाऱ्या सुगतने सीडी तीन नंबरला घातली, ट्रे आत गेला आणि तेवढ्यात लाइन गेली.

दुपारी पंखे फिरले. कॉम्प्युटर गुरगुरत जागे झाले. सुगतने बटण दाबलं. ट्रे सरकत बाहेर आला.

रिकामा.

२. सुगतचं खरं बोलणं

"असं कसं होईन बाप्पा?" क्लासचे मालक भूपेंद्रभाऊ पुढे वाकले. "लाइन नव्हती. ट्रे उघडत नाही. सीडी का वाफ होऊन उडाली?"

 गुरुजींनी पिशवीचा बंद तेवढा मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट केला. दारात सकाळच्या बॅचची पोरं माना उंचावून उभी होती. त्यांच्यात सुगतची धाकटी बहीण हर्षाही होती. सातवीतली. सुट्टीच्या दिवशी दादाच्या मागेमागे क्लासवर यायची आणि कोणी हाकलत नाही तोवर बसायची.

"लाइन नसली तरी ट्रे उघडतो, भाऊ," सुगत म्हणाला.



सुगतने ट्रेच्या पट्टीवर बोट ठेवलं. बटणापासून जरा बाजूला सुईने टोचल्यासारखं एक बारीक गोल भोक होतं. रोज समोर बसणाऱ्यांनाही ते कधी दिसलं नव्हतं.

"हे त्यासाठीच असते जी. मशीन बंद असली पायजे, चालू असताना असं करू नये, सीडी गरगर फिरत असते. सरळ केलेली तार या भोकात सरळ घालायची. आत दात्याचं चाक असते, ते दबलं का ट्रे थोडासा पुढं येते. मग बोटानं हळूच ओढायचा. काम झालं का हातानंच आत ढकलायचा. लाइन लागत नाही."

तो शिकवायच्या नादात बोलून गेला. शिकवताना त्याला आजूबाजूचं भान राहत नसे. पण भूपेंद्रभाऊंचा चेहरा बदलत चालला होता, ते हर्षाला दिसलं.

"म्हणजे उघडायची युक्ती तुले येते," भाऊ म्हणाले.

"येते नं."

"आन सीडी आत आहे, हेही तुलेच ठाऊक."

"मीच तर घातली."

"मंग बाकीच्याइले काय इचारायचं?" भाऊ पोरांकडे वळले. "ज्याच्या हातात चाबी, त्याच्याच हाताची करामत. दुसरं कोण?"

चोर हा शब्द कोणी काढला नाही. पण पोरांनी तो ऐकला. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं, तिसरा खुदकन हसला, आणि बघता बघता सगळे पांगले. बातमी गरम असताना गावभर न्यायची असते ना!

"गुरुजींची बस निघायच्या आत सीडी आण," भाऊ म्हणाले. "नाही तं दिवाळीपासून मी दुसरा माणूस पाहतो."

 सुगत वरांड्यात जाऊन बसला. खरं बोलून जो अडकतो, त्याला काय बोलावं तेच सुचत नाही.

हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने बाहीला पुसलं आणि भूपेंद्रभाऊंपुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, मी इचारू का लोकाइले?"

"तू? इचार बाई. तुझ्या दादाले वाचवायचं असन तं लवकर इचार."

३. आत कोण गेलं होतं

लाइन नसताना खोलीत अंधार आणि उकाडा, त्यामुळे सगळे वरांड्यातच बसले होते. तिथून खोलीचं दार समोरच. सुगत पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर पोरांची बोटं बसवत होता आणि गुरुजी खुर्चीत डुलक्या घेत होते. मग आत गेलं कोण? हर्षाने ज्याला त्याला विचारलं. दोनच नावं पुढे आली. बाजूच्या सीडीच्या दुकानाचा खुशाल आणि भूपेंद्रभाऊंची पुतणी राखी.

"आणखी कोणीच नाही?"

"कोणीच नाही," भाऊ म्हणाले. "आई पूजा करून तुमसरच्या गिरणीत गेली. त्यानंतर हे दोघंच."

हो, ते सांगायचं राहिलंच. तो दिवस खंडेनवमीचा होता. उद्या दसरा. भूपेंद्रभाऊंचं घर मूळचं तुमसरच्या धानगिरणीचं. त्यांच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा चुकत नसे. मुलाने कॉम्प्युटर आणल्यापासून भाऊंच्या आई रत्नाबाई त्यांनाही यंत्रांतच धरायच्या. सकाळी त्या ताट घेऊन आल्या, तेव्हा वरांड्यात पोरांचा नुसता कलकलाट होता. "चपला बाजूले करा रे. हा पुठ्ठा कोणाचा? काय गा सुगत, यातल्या कोण्या मशिनीत काही आहे का? उद्या तू नागपूरले जाशीन नं दीक्षाभूमीले? मंग सोनं घ्यायले परवा ये घरी." एका दमात त्यांनी इतकं सगळं विचारलं. एका पोराचं बोट धरून ते योग्य अक्षरावर ठेवता ठेवता सुगतने एका दमातच उत्तर दिलं, "हो काकू, तीन नंबरमध्ये आहे, जातो काकू, येतो काकू." नंतर आतून उदबत्तीचा वास आला, आणि जरा वेळाने रत्नाबाई गिरणीच्या जीपमध्ये बसून गेल्यासुद्धा.

आता पाचही कॉम्प्युटरांच्या कपाळावर हळदकुंकू होतं आणि माथ्यावर झेंडूचं फूल. कोपऱ्यात पाटावर पितळी परात, परातीत तांदूळ, तांदळावर कळस आणि शेजारी विझलेलं निरांजन.

"गिरणीत फोन लावला काय भाऊ?" हर्षाने विचारलं. "काकूले काही दिसलं असन."

"लावून राहिलो नं. उचलत नाही कोणी. धान कांडायच्या हॉलरच्या तोंडातला शेवटचा दाणा काढल्याबिगर आई पूजेले हात लावत नाही. वाजत असन फोन हापिसात एकटाच."

हर्षा खुशालच्या दुकानात गेली. खुशाल काउंटरवर पाय टाकून बसला होता.

"आली का पोलीसबाई? या, बसा. च्या मागवू का?"

"खुशालभाऊ, तुमी आत कायले गेलते?"

"माझा एक्स्टेंशन बोर्ड आणायले. चार दिवस झाले नेऊन, तुझा दादा परत देते का? म्हटलं लाइन नाही तवरक घेऊन येतो, का मंग पुन्हा त्याले लागते." त्याने बोर्ड दाखवला. "आन सीडी कायले चोरू मी? हे पाय, शंभर सीड्या आहेत माझ्याजवळ. गुरुजीच्या काळजाचा सिनेमा कोण भाड्यानं नेईन?"

"ते बारीक भोक तुमाले माहीत होतं?"

खुशालने पाय काउंटरवरून खाली घेतले. मग म्हणाला, "होतं. उन्हाळ्यात रत्नाकाकूची भजनाची सीडी अडकली होती नं, तवा सुगतनं तारीनं काढून देली. आमी सगळेच होतो तिथं. मी, राखी, काकू. भूपेंद्र तेवढा लग्नाले गेलता."

त्याच्या खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर होता, बारीक, लाल मुठीचा. हर्षाची नजर त्यावर खिळली. खुशालच्या ते लक्षात आलं. तो झटकन उठला आणि त्याने दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं.

४. तेलकट बोट

शटर ओढून खुशाल हर्षाच्या मागोमाग क्लासवर आला. "चाल, तुझ्यासमोरच घालून दाखवतो. उगीच मनात शंका नको."

त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक भोकाला लावलं. जाईना. टोक चपटं आणि रुंद, भोक गोल आणि अरुंद. राखी दारातून बघत होती. हर्षाने तिच्या केसांतली काळी क्लिप मागून घेतली आणि तीही लावून पाहिली. तिचे दोन पाय, दोन्ही चपटे. तीही जाईना.

"दादाची तार कुठं आहे?"

सुगतच्या टेबलाच्या खणात ती सापडली. सरळ केलेली यू-पिन. उन्हाळ्यापासून तिला कोणी हात लावलेला दिसत नव्हता. खडूच्या भुकटीत लोळून ती पांढरी पडली होती. भूपेंद्रभाऊंनी ती बाजूच्या दोन नंबरच्या भोकात घालून पाहिली. सहज गेली.

"झालं!" भाऊ म्हणाले. "हीच ती चाबी."

हर्षाचा चेहरा उतरला. तिने खाली बसून ट्रेच्या पट्टीवरून बोट फिरवलं. वरून हळदकुंकवाचा ठिपका, त्याखाली बटण, त्याच्या बाजूला भोक. भोकाच्या काठावर बोट आलं आणि ती थबकली. बोट चिकट लागलं. पाहते तर त्यावर काळपट डाग. तिने वास घेतला. मग एक, दोन, चार, पाच, सगळ्या कॉम्प्युटरांच्या भोकांवरून बोट फिरवलं. सगळी कोरडी.

"भाऊ, हे पाहा. इथं तेल आहे. तेल आन काजळी."

"मंग?"

"मंग दादाची तार कोरडी कशी? खडूची भुकटी जशीच्या तशी आहे तिच्यावर. तेल लागलं असतं तं भुकटी चिकटून लगदा झाला असता. दादाच्या तारीनं नाही उघडला ट्रे. दुसऱ्या कोण्या तरी तारीनं उघडला, तेलाच्या."

भूपेंद्रभाऊंनी तार उजेडाकडे धरली. बोटात फिरवून पाहिली. ती खणात परत ठेवताना त्यांनी वरांड्यातल्या सुगतकडे एकदा पाहिलं.

हर्षा राखीकडे वळली. राखी तिच्याच वयाची, पण भाऊंची पुतणी म्हणून जरा तोऱ्यात असायची. आज मात्र तिचं तोंड एवढंएवढं झालं होतं.

"राखी, तू आत कायले गेली होती?"

"पाण्याच्या बाटलीले."

"बाटली तं वरांड्यात होती. तूच मले पाणी देलं."

राखीने काकाकडे पाहिलं, हर्षाकडे पाहिलं, आणि भोकाड पसरलं.

५. डुगडुगणारी परात

"मी चोरलं!" राखी रडत म्हणाली. "काका, मी चोरलं!"

गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले.

"सीडी?" भाऊंनी विचारलं.

"खोबरं!" राखीने नाक ओढलं. "परातीजवळच्या वाटीत खोबऱ्याचा तुकडा होता. भूक लागली होती मले. आजी म्हणते पूजेचं उद्यापर्यंत हालवायचं नाही. मी वाटी ओढली तं धक्का लागून परात डुगडुगली, कळस पडता पडता राह्यला. मले वाटलं देवीनंच हालवली. मी पळाली."

खुशाल फिसकन हसला. भाऊंनी त्याच्याकडे डोळे वटारले. पण हर्षा हसली नाही.

"परात डुगडुगली?"

"हो."

"पाट तं सपाट आहे, राखी. सपाट पाटावर सपाट बुडाची परात डुगडुगन कशी?"

 हर्षा उभ्या उभ्या विचार करू लागली. तुम्हीही करा. तेल आणि काजळी कुठे असते? निरांजनात. वात पुढे सारायला बायका काय वापरतात? तिची आई चिमणीची वात सारायला अंबाड्याचा आकडाच काढायची, तारेचा, बारीक, गोल. रत्नाबाईंचा अंबाडा तर चांगला नारळाएवढा! आकडा सरळ केला की तार झाली. भोक त्यांना उन्हाळ्यापासून माहीत. सीडी कुठे आहे हे तर त्यांनी सुगतलाच विचारून घेतलं होतं. पूजेला गेलेल्या माणसाला 'आत गेलेला माणूस' म्हणून कोणी मोजलंच नव्हतं.

पण का? त्यांना ती सीडी कशाला हवी?

मग तिला भाऊंचं मघाचं बोलणं आठवलं.

"भाऊ, गिरणीत हॉलरच्या तोंडातला शेवटचा दाणा काढतात म्हटलं नं तुमी. कायले काढतात?"

"रिवाज आहे आमच्या घरचा. यंत्राच्या तोंडात घास ठेवून त्याची पूजा करत नाही. त्याले त्या दिवशी आराम असते. तोंड रिकामं करायचं, पूजा करायची आन दसऱ्याले तोच घास त्याले पह्यले भरवायचा."

"मंग काढलेला दाणा रातभर कुठं ठेवतात?"

"कुठं म्हणजे? फडक्यात बांधून पूजेच्या पराती..."

भूपेंद्रभाऊंचं तोंड उघडंच राहिलं.

६. पाटावरची परात

सगळे पाटाभोवती जमले, पण हात कोणी पुढे करेना. भाऊंनी दोनदा बाह्या सारल्या आणि दोनदा खाली घेतल्या. मांडलेली पूजा आईला न विचारता हलवायची म्हणजे वर्षभर बोलणी खायची. सुगतही दारातच थांबला. खुशालने तर हात पाठीमागे बांधले. बाहेर साकोलीकडून येणाऱ्या बसचा हॉर्न वाजला. ती गुरुजींची नव्हती, पण पुढची तीच होती.

आणि भाऊंच्या खिशातला मोबाईल वाजला.

"कायले एवढे फोन लावून राहिला रे?" रत्नाबाईंचा आवाज असा होता की मोबाईल कानाला लावायची गरजच नव्हती. "पूजेत होती मी. कोण मेलं?"

"आई, तीन नंबरमधली सीडी..."

"हो, काढली नं मी. त्या सुगतले इचारूनच काढली! म्हटलं कोण्या मशिनीत काही आहे का, तो म्हणे तीनमध्ये आहे. घास तोंडात ठेवून का कुंकू लावू? आकडा सरळ केला, उन्हाळ्यात त्यानं केलं तसंच, आन काढली. चांगली खणाच्या कपड्यात गुंडाळली हो, ओरखडा नाही येणार. परातीखाली आहे. उद्या सकाळी तिले पह्यले घाला."

"आई, गुरुजीले आता पायजे ते. नागपूरच्या डॉक्टरले दाखवायची आहे, आजच."



"अगं माय! गुरुजीची होती ते? मले कोणी सांगतलं काहून नाही? मंग काढ नं लवकर! घास ज्याचा त्याले जाऊ दे. देवीले मी समजावीन. तुझे हात थरथरतात, तू नको लावू हात. कोण आहे तिथं?"

"सुगतची हर्षा आहे."

"तिलेच सांग. काढ वो लेकी, कळस नको सांडू फक्त."

हर्षाने दोन्ही हातांनी परात जरा तिरपी उचलली. राखीने रडं विसरून कळस धरला. खाली हिरव्या खणाची चौकोनी घडी होती. हर्षाने ती उलगडली आणि खोलीच्या छतावर उजेडाचा गोल कवडसा नाचला.

गुरुजी धपकन खुर्चीत बसले. त्यांनी इतका लांब श्वास सोडला की खुशालने काळजीने त्यांच्या छातीकडे पाहिलं.

"घाबरू नको रे," गुरुजी म्हणाले. "माझं काळीज चांगलं आहे. सकाळपासून पूजेला बसलं होतं, एवढंच!"

मग जो हशा उसळला! सुगतसुद्धा हसला, आणि हसता हसताच त्याने कपाळावर हात मारला. "खरंच इचारलं होतं काकूनं. मी बोललो आन इसरून गेलो." त्याने सीडी तीन नंबरला घातली. हिरवा दिवा लुकलुकला, लाइन टिकली, नक्कल झाली. गुरुजींनी दोन्ही सीड्या पिशवीच्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. खुशाल त्यांना मोटारसायकलवर बसवून बसथांब्यावर घेऊन गेला.

७. हर्षाने पुढे काय केलं

खोलीत चौघंच उरले. भूपेंद्रभाऊ कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत होते.

"सुगत," ते खाली बघतच म्हणाले, "चुकलं माझं. तू खरं बोलला आन मी त्यावरूनच तुले चोर ठरवलं. दिवाळीपासून काय आन दसऱ्यापासून काय, क्लास तुझाच आहे."

"जाऊ द्या भाऊ," सुगत म्हणाला. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरताना हर्षाला दिसला.

भाऊंनी खिसे चाचपून एक चॉकलेट काढलं. "आन हे आमच्या पोलीसबाईले."

हर्षाने हात पुढे केला नाही. ती दाराबाहेर बघत होती. वरांडा रिकामा होता. सकाळी तिथे बॅचभर पोरं होती. 'ज्याच्या हातात चाबी' हे त्या सगळ्यांनी ऐकलं होतं. 'चुकलं माझं' हे ऐकायला मात्र ती आणि राखी, दोघीच.

"भाऊ, तुमी आता कुठं जाणार तं नाही?"

"नाही. काहून?"

"इथंच बसा मंग."

एवढं बोलून ती पळाली. खताच्या दुकानाला वळसा घालून बाजाराच्या रस्त्याला लागली. पहिला पोरगा तिला सायकलच्या दुकानापुढे हवा भरताना सापडला, दोघी जणी झेंडूच्या ढिगाजवळ, तिघं शाळेच्या मैदानात. जो दिसेल त्याला ती हात धरून वळवत होती आणि ओरडत होती, "चाला, क्लासवर चाला! भाऊले तुमाले काही सांगायचं आहे!"